विजेचा पहारेकरी आणि त्याचा बिनतारी निरोप

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात मोरा येथे दिलेले व्याख्यान)



समाजाच्या मेळाव्यात यंत्रशास्त्रावर बोलणे म्हणजे लग्नाच्या मांडवात हिशेबाची वही उघडून बसण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर मी त्यास दोष देणार नाही. शिक्षण, विवाहातील खर्च, समाजाची वसतिगृहे या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून बोलतात आणि बोलतील. तथापि आपल्या घरांकडे एकवार पाहावे. कोणाचा मुलगा महावितरणात जनमित्र म्हणून खांबावर चढतो, कोणाचा बोकडवीऱ्याच्या वायुविद्युत केंद्रात पाळीवर जातो, कोणाचा न्हावाशेव्याच्या बंदरात विजेच्या क्रेनवर असतो. आणि ज्यांनी दर्या सोडला नाही त्यांच्या मासळीचा बर्फ तरी विजेवरच होतो. तेव्हा विजेच्या वाटेवर जो पहारेकरी उभा असतो त्याची, आणि त्याने आपल्याला निरोप कसा धाडावा या प्रश्नाची ओळख करून घेणे हे आपल्या घरचेच काम आहे.

या पहारेकऱ्याला सर्किट ब्रेकर म्हणतात. पुस्तकांतून त्याला भारदस्त संस्कृत नावे आहेत, पण ती कोणी वायरमन उच्चारीत नाही, म्हणून मीही उच्चारीत नाही. आपल्या घरात जो लहान एम.सी.बी. खटकन पडतो, त्याचाच हा थोरला भाऊ. तारेवर झाड कोसळले, दोन तारा एकमेकींस चिकटल्या, अथवा भूमिगत केबलच्या आवरणात पाणी शिरले, की प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो. रिले नावाचे उपकरण ते ओळखते, बॅटरीच्या बळावर ट्रिप कॉइलला इशारा देते, ताणून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि ब्रेकरचे दोन संपर्क एकमेकांपासून दूर होतात. ते दूर होत असताना त्यांच्यामध्ये विजेचा लोळ पेटतो. तो विझविण्यासाठी पूर्वी तेल वापरीत, आता बहुधा निर्वात नळी वापरतात. हे सारे नाट्य एका सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात आटोपते. त्यात ट्रान्सफॉर्मर वाचतो, केबल वाचते, कित्येकदा माणूस वाचतो.

पण या पहारेकऱ्याचा एक स्वभावदोष आहे. तो आपले काम चोख बजावतो आणि मग गप्प बसतो. मोठ्या उपकेंद्रात यंत्रचालक असतो, तेथे घंटी वाजते, दिवा लागतो, वहीत नोंद होते. परंतु वाहिनीच्या दूरच्या टोकाला, खाडीपलीकडे, एखाद्या कारखान्याच्या बंद खोलीत जो ब्रेकर असतो त्याची दखल कोण घेणार? तो पडला हे आपल्याला अंधारावरून कळते, आणि कधी कधी अंधारावरूनही कळत नाही.

हे दुसरे वाक्य ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल, म्हणून बर्फाच्या कारखान्याचे उदाहरण घेतो. अशा कारखान्याच्या मुख्य ब्रेकरमध्ये पुष्कळदा एक सोय केलेली असते: दाब फार उतरला किंवा वीज गेली की ब्रेकर आपोआप उघडतो आणि वीज परत आली तरी माणसाने लावल्याशिवाय लागत नाही. ही सोय शहाणपणाची आहे. वीज एकदम परतली आणि सगळ्या मोटारी एकाच क्षणी फिरू लागल्या तर घात होईल. पण याचा परिणाम काय होतो पाहा. रात्री दीड वाजता वीज जाते. दोन वाजून वीस मिनिटांनी येते. रस्त्यावरचे दिवे लागतात, घरोघरी पंखे फिरू लागतात, जो तो कूस बदलून झोपतो. कारखान्यात मात्र ब्रेकर उघडाच असतो, कॉम्प्रेसर बंद असतो, आणि राखणदार दरवाजावरच्या दिव्याकडे पाहून निश्चिंत असतो, कारण तो दिवा निराळ्या जोडणीवर आहे. पहाटे धक्क्यावर होड्या लागतात तेव्हा खरा प्रकार उघड होतो. मासळी कोणासाठी थांबत नाही. पापलेटाचा भाव सकाळी सातला एक आणि मऊ पडल्यावर दहाला दुसरा, हे येथे बसलेल्या भगिनींना माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही. त्या ब्रेकरने दीड वाजता कोणाला 'मी उघडलो' एवढे दोनच शब्द कळवले असते तर पुढचे टळले असते.

तेव्हा प्रश्न दोन शब्दांचा आहे. ते दोन शब्द कसे न्यावेत?

तार टाकून ते नेता येतात. उपकेंद्राच्या आवारात तसेच करतात. पण तार महाग, तार तुटते, आणि विजेचा लोळ उठतो त्याच वेळी ती निरोपाची तारही कधीकधी जळते. मोबाईलच्या जाळ्यातून नेता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी नेतातही. परंतु मोबाईलचा मनोरा स्वतः विजेवर जगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा खांब आडवे झाले, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध काही दिवस तुटला, हे आपण पाहिले आहे. ज्या दिवशी निरोपाची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवशी निरोप्या आजारी पडावा, हे काही बरे नव्हे. म्हणून तिसरा मार्ग निघाला, तो अल्पशक्तीच्या बिनतारी संदेशाचा.

बिनतारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच मनोरे आणि प्रचंड शक्ती येते. १९२७ साली आपल्या महाराष्ट्रातील खडकीच्या प्रक्षेपण केंद्रातून आणि दौंडच्या ग्रहण केंद्रातून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिला तसे मनोरे आणि तशी शक्ती लागलीच. पण येथे आपल्याला साता समुद्रांपार जायचे नाही, आणि मजकूरही लांबलचक नाही. जो यंत्रसंच मी सांगत आहे त्याची प्रक्षेपणशक्ती साधारण पंचवीस मिलिवॅट असते. देवघरात रात्रभर जळणारा लहानसा दिवा अर्ध्या वॅटचा धरला, तर त्याचाही विसावा हिस्सा. एवढ्याशा शक्तीने निरोप पाचसहा किलोमीटर जातो, मोकळ्या जागी त्याहूनही दूर जातो. हे कसे, याचे उत्तर आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते.

दूरच्या मचव्याला हाळी देताना आपण काय करतो? भराभरा बोलत नाही. एकच स्वर लांबवतो, चढवतो, पुन्हा तोच काढतो. वाऱ्याच्या गोंगाटात शब्द हरवतात, पण चढत जाणारा लांब स्वर कानाला वेगळा ओळखू येतो. लोरा नावाची जी पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एका लहान मंडळीने काढली आणि २०१२ साली अमेरिकेतील सेमटेक कंपनीने विकत घेतली, तिच्यात नेमके हेच आहे. यंत्र एकाच सुरावर न राहता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जाणारी शीळ घालते, आणि ती शीळ कोठून सुरू झाली यात अक्षर दडलेले असते. शीळ जितकी संथ, तितकी ती दूर ऐकू येते. सर्वांत संथ चालीत सेकंदाला तीनशेहून कमी बिट जातात. चित्रपट पाहणाऱ्या आमच्या तरुण मंडळींना ही गती हास्यास्पद वाटेल, पण त्या बदल्यात काय मिळते? भोवतालच्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण झालेला निरोपही ऐकणारे यंत्र वेचून काढते. खांदेरीच्या दीपस्तंभाने कधी गप्पा मारल्या नाहीत; ठरावीक कालाने एक झोत टाकला, एवढेच त्याचे भाषण. म्हणूनच ते खोल दर्यात पोहोचले.

कायद्याचीही अडचण फारशी नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण बिनतारी म्हटले की परवान्याचे भय वाटते. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्ती यंत्रांसाठी परवान्याच्या जाचातून मोकळा केला, आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविला. प्रक्षेपणशक्ती एक वॅटपेक्षा अधिक नसावी आणि यंत्राला शासनाच्या बिनतारी खात्याची मान्यता असावी, या मुख्य अटी. आपल्या महावितरणाने घरगुती मीटरांचे आकडे दारात न जाता टिपता यावेत म्हणून जे रेडिओ मीटर बसविले, तेही याच जातीचे. तेव्हा ही काही परदेशी नवलाई राहिलेली नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या ओट्यावर ती टांगलेली आहे.

आता आपल्या समोरच्या पाण्याकडे वळू. येथून उत्तरेला घारापुरी दिसते. त्या बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि तिसरी आपल्याच नावाची, मोराबंदर. मुंबईचे दिवे ज्या बेटावरून रोज रात्री दिसतात, त्या बेटाला संध्याकाळचे काही तास जनित्रावर काढावे लागत होते, आणि कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. महावितरणाने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची बावीस हजार व्होल्टची केबल टाकली आणि तिन्ही वस्त्यांना ट्रान्सफॉर्मर बसविले. १९१५ साली खोपोलीची वीज घाट उतरून मुंबईला गेली होती. तेव्हापासून घारापुरीपर्यंत यायला तिला १०३ वर्षे लागली. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही, पण बंदरांसाठी, तेलासाठी आणि विजेसाठी ज्यांच्या खाड्या व जमिनी गेल्या त्या लोकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

अशा बेटावर ब्रेकर पडला आणि भरती-ओहोटी प्रतिकूल असली तर माणसाने जावे कसे? आपल्या मोरा धक्क्यावर गाळ साचून मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, हे आपले रोजचे दुखणे आहे. जाण्यापूर्वीच कळले की बेटावरचा ब्रेकर उघडला आहे की किनाऱ्यावरचा, तर एक फेरी वाचते. आणि पावसाळी रात्रीची एक फेरी वाचणे म्हणजे काय, ते खलाशाच्या घरी सांगावे लागत नाही. म्हणून केवळ उदाहरण म्हणून हिशेब मांडतो. मोरा आणि घारापुरी यांच्यामध्ये सहा किलोमीटर पाणी धरू आणि दोन्ही बाजूंस एकेक लहान अँटेना कल्पू.

कोणीही म्हणेल, अँटेना जितकी उंच तितकी बरी. जमिनीवर हे बहुधा खरे आहे. पाण्यावर मात्र गंमत होते. निरोपाची एक लाट सरळ जाते आणि दुसरी पाण्यावर आपटून, परावर्तित होऊन पोहोचते. आपटताना ती उलटी होते. दोन्ही लाटा एकमेकींस साहाय्य करतील की एकमेकींस मारतील, हे दोघींच्या वाटांच्या लांबीतील फरकावर अवलंबून असते. या पट्ट्यातील लाटेची लांबी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर. दोन्ही अँटेना भरतीच्या पाण्यापासून तीस मीटर उंच बसविल्या तर भरतीला वाटांतील फरक येतो तीस सेंटिमीटर. पाणी चार मीटर उतरले की तो होतो साडेअडतीस. म्हणजे मधल्या एका वेळी फरक बरोबर एका लाटेएवढा होणार, आणि त्या वेळी उलटी झालेली लाट सरळ लाटेला जवळजवळ पुसून टाकणार. दिवसातून चार वेळा, भरती चढताना आणि उतरताना, निरोप हरवेल. आणि किनाऱ्यावरचा साहेब म्हणेल की यंत्रच नादुरुस्त आहे. त्याच अँटेना वीस मीटरांवर बसवा. भरतीला फरक तेरा सेंटिमीटर, ओहोटीला एकोणीस. अर्ध्या लाटेच्या आसपास. तेथे दोन्ही लाटा एकमेकींना हात देतात आणि निरोप उलट अधिक जोमाने पोहोचतो. पावसाळ्यात दर्या खवळला की पाण्याचा आरसा फुटतो आणि हा परिणाम मंदावतो, पण शांत दिवसांत तो भरपूर असतो.

हा हिशेब मी जरा विस्ताराने सांगितला याचे कारण असे की, असली यंत्रे बसविणारे पुष्कळ लोक कोरड्या शहरांत शिकलेले असतात. त्यांनी दुपारी बारा वाजता येऊन चाचणी घेतली, सगळे ठीक निघाले, सही करून गेले, असे होते. उधाण केव्हा, भांग केव्हा, पाणी किती मीटर चढते, हे ज्याला पाठ आहे अशा आपल्या मुलाने शेजारी उभे राहून 'साहेब, संध्याकाळी पाणी उतरल्यावर पुन्हा पाहू' असे म्हटले तर ते शास्त्राचे वचन ठरेल.

खाऱ्या वाऱ्याविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आणि पुढेही चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर बसत जातो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. मग एखाद्या पहाटे दाट दव पडते, किंवा मृगाच्या आधीची एक हलकी सर येते, मीठ ओलावते, त्यावरून वीज घसरते आणि ब्रेकर पडतो. मोठा पाऊस उलट मीठ धुऊन नेतो. कोणता ब्रेकर कोणत्या तारखेला, किती वाजता पडला, अशी नोंद दोन-तीन वर्षे आपोआप साठली, तर हे ब्रेकर दवाने पडतात की झाडाने, हे वहीवरून ओळखता येईल आणि इन्सुलेटर धुण्याचा दिवस आधी ठरविता येईल. माझ्या मते या निरोपांचा खरा नफा या साठ्यात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच कोणी उघडून पाहत नाही.

यंत्र ब्रेकरला बिलगून काय पाहते, तेही थोडक्यात सांगतो. ब्रेकरच्या दांड्याबरोबर हलणारे दोन लहान साहाय्यक संपर्क असतात. ब्रेकर लागला की एक जुळतो, दुसरा सुटतो. उघडला की उलट. हे दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्धच बोलले पाहिजेत. दोघेही एकच बोलू लागले तर समजावे की तार तुटली आहे किंवा ब्रेकर मध्येच अडकला आहे. एकाच साक्षीदारावर भागविणारी स्वस्त यंत्रे मिळतात. ती घेऊ नयेत. याखेरीज ट्रिप कॉइलच्या बॅटरीचा दाब पाहणे अगत्याचे आहे, कारण बॅटरी मेली की ब्रेकर दिसतो पहारेकरी, पण असतो बाहुला. जोडांचे तापमान पाहिले तर ढिला जोड जळण्यापूर्वी कळतो.

यंत्राच्या स्वतःच्या अन्नाचा प्रश्न तर फारच सुखाचा आहे. ते बहुतेक वेळ झोपलेले असते. तासाला एकदा जागे होऊन सुमारे दीड सेकंद शीळ घालते. त्या दीड सेकंदात चाळीस मिलिअँपिअर धरले तर वर्षाचे सुमारे १४६ मिलिअँपिअर-तास होतात, झोपेतील खर्च आणखी ४४. मुठीत मावणाऱ्या लिथियमच्या एका सेलमध्ये साडेआठ हजार असतात. भागाकार केला तर चाळीसहून अधिक वर्षे येतात. पण सेल आपलाआपणही झिजतो आणि आपल्या हवेत उष्णता आहे, म्हणून दहा वर्षे धरावीत. मुख्य मुद्दा असा की वीज गेली तरी हे यंत्र जागे राहते. ऐकणाऱ्या बाजूला मात्र मोठे यंत्र असते आणि त्याला सौर पट्टी व बॅटरी द्यावीच लागते, नाहीतर निरोप्या जागा आणि ऐकणारा झोपलेला, अशी गत होईल.

तासातासाची ही शीळ केवळ उपचार नव्हे. होडी ठरल्या वेळी परतली नाही तर धक्क्यावरची माणसे 'काही कळले नाही, म्हणजे सर्व ठीक असेल' असे म्हणत नाहीत. न येणे हाच निरोप समजतात. त्याप्रमाणे एखाद्या ब्रेकरची शीळ दोन-तीन तास आली नाही तर ऐकणाऱ्या यंत्राने स्वतःच हाक दिली पाहिजे. ही व्यवस्था नसेल तर सारा खेळ फुकट.

वादळात आणखी एक पेच येतो. दहा ब्रेकर एकाच मिनिटात पडतात आणि दहाही यंत्रे एकदम ओरडतात. एकाचेही ऐकू येत नाही. यावरचा उपाय बेटांनीच शोधला आहे. १९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन या प्राध्यापकांनी तेथील विद्यापीठासाठी बेटाबेटांतील यंत्रे बिनतारी जोडली. त्यांनी नियम केला की ज्याला बोलायचे त्याने बोलावे, टक्कर झाली तर प्रत्येकाने वाटेल तितका थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे. साधा नियम, पण गणित असे निघाले की या रीतीने वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त अठरा टक्के भागच कामी येतो. म्हणून निरोप आखूड ठेवावा आणि प्रत्येक यंत्राने तो वेगवेगळ्या अंतराने तीनदा तरी द्यावा.

आता ज्यासाठी मी विशेषतः हा विषय निवडला त्या गोष्टीकडे येतो, आणि वडीलधाऱ्यांनी येथे थोडे अधिक लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

जे यंत्र 'ब्रेकर उघडला' असे सांगू शकते, त्यालाच 'ब्रेकर लाव' असा हुकूम देण्याची सोय थोड्या खर्चात जोडता येते. विक्रेते ती आग्रहाने सुचवितात. मोठ्या वीजसंस्थांना तसे करणे भाग असते. त्यांच्याकडे त्यासाठी शिस्त आहे, माणसे आहेत. तरीही काय होऊ शकते ते युक्रेन देशात २३ डिसेंबर २०१५ रोजी दिसले. परक्यांनी वीजकंपन्यांच्या संगणकांत शिरून सुमारे तीस उपकेंद्रांतील ब्रेकर दुरून उघडले. सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात गेले, आणि तेथील कर्मचारी आपल्याच पडद्यावरील बाण आपोआप फिरताना पाहत राहिले. शेवटी माणसे गाड्या काढून उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. आपल्या लहान कारखान्यांत, सहकारी संस्थांत, सोसायट्यांत कोण एवढा पहारा ठेवणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपल्या पातळीवर बिनतारीने पाहावे, करू नये. निरोप यावा, हात माणसाचा असावा. निरोपालाही कुलूप हवे. प्रत्येक यंत्राची गुप्त किल्ली निराळी असावी, कारखान्यातून आलेली तशीच ठेवू नये, आणि प्रत्येक निरोपावर चढता क्रमांक असावा, म्हणजे कालचा निरोप आज पुन्हा वाजवून कोणी फसवू शकणार नाही.

परंतु त्याहून मोठा धोका परक्याचा नसून आपल्या विश्वासाचा आहे. पडद्यावर 'उघडा' असे अक्षर दिसले म्हणजे तार मेली असे नव्हे. ब्रेकरच्या तीन संपर्कांपैकी एक वितळून चिकटलेला असू शकतो आणि दांडा तरीही उघडा दाखवतो. शेजारच्या इमारतीचे जनित्र उलट्या वाटेने तारेत वीज सोडू शकते. आता तर घरोघरच्या छपरांवर सौर पट्ट्या आल्या आहेत. जो मुलगा खांबावर चढणार त्याने परमिट घ्यावे, आयसोलेटर उघडून दोन पात्यांमधील अंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, तार तपासावी, अर्थिंगचा रॉड लावावा आणि मगच हात घालावा. हे नियम फार जुने आहेत आणि प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी घर उजाड झाले आहे. नव्या यंत्राने त्यांतील एकही नियम रद्द होत नाही. 'मोबाईलवर उघडा दाखवतोय, चढ' असे कोणी वरिष्ठाने सांगितले तर आमच्या मुलाने नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे, आणि असे नाही म्हटल्याबद्दल त्याला त्रास झाला तर समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. हा ठराव कार्यकारी मंडळापुढे मांडावा अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना कमी गंभीर, पण लवकर होण्याजोगी आहे. वीजकंपनीच्या तारांना हात लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. मीटरपलीकडे आपल्या बाजूला जो ब्रेकर आहे तो मात्र आपला आहे. आपल्या माणसांच्या ज्या सहकारी संस्थांकडे बर्फाचे कारखाने वा शीतगृहे आहेत, त्यांनी परवानाधारक वायरमनकडून एका ब्रेकरवर असे यंत्र बसवून पाहावे. किंमत सांगत नाही, ती वर्षागणिक उतरते आहे. आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या आपल्या दोन-तीन मुलांना त्या कामी हाताखाली घ्यावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते आणि कारखान्यात घाई नसते. त्याच दिवसांत दर वर्षी ब्रेकर हाताने पाडून निरोप येतो की नाही, हे भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा पाहून घ्यावे. नारळी पौर्णिमेला होड्या लोटण्यापूर्वी ते काम संपलेले असावे.

आणि यंत्र मागविण्याच्या आधी संस्थेने एक कागद तयार करावा: रात्री दोन वाजता निरोप आला तर तो कोणाच्या उशाशी वाजायचा, तो उठला नाही तर दुसऱ्या कोणाच्या, आणि कारखान्याची किल्ली त्या आठवड्यात कोणाकडे. नावे पाळीपाळीने बदलावीत. हा कागद ज्या संस्थेला करता येत नाही, तिने यंत्रावर पैसे खर्च करू नयेत.